गुरुवारचे पक्षी

चाकणच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून कधीकाळी औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले. भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला, तो पुढं चाकणपर्यंत पसरला, आणि इथल्या कामगाराचा सगळा संसार त्या वाराभोवती बसला. मोठ्या कंपन्यांचं वेळापत्रक निराळं असेल, पण लहान वर्कशॉपं, प्रेसशॉपं, रंगकामाच्या शेड गुरुवारी बंद. बाजारहाट गुरुवारी, केस कापणं गुरुवारी, गावाकडं निवांत फोन गुरुवारी.

पक्षी बघणाऱ्यांच्या सहली मात्र रविवारी निघतात. पुण्याहून गाड्या सुटतात त्या भिगवणला, कवडीपाटला, नाहीतर सिंहगडाच्या खोऱ्यात. ज्याचा रविवार फर्स्ट शिफ्टमध्ये जातो त्याला या सहलींचा उपयोग नाही. म्हणून मी आणि टूलरूममधला माझा एक मित्र गुरुवारी पहाटे मोटारसायकल काढतो आणि जवळच्या जवळ फिरतो. निघोजे, महाळुंगे, सावरदरी, वासुली, भांबोली. कधी इंदोरीकडून भंडारा डोंगराच्या पायथ्यानं, कधी देहूरोडकडं. या गावांना पक्ष्यांसाठी कुणी येत नाही, हे खरं. पण एक फायदा असा की गुरुवारी प्रेसची धडधड थांबलेली असते. एरवी कंपनीच्या भिंतीपलीकडं चंडोल गात असला तरी ऐकू येत नाही. गुरुवारी येतो.

गळ्यात दुर्बीण अडकवून रिकाम्या जमिनीकडं टक लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा या भागात एकच अर्थ होतो. पहिला प्रश्न, "मोजणीला आलात का?" दुसरा, "गुंठ्याला काय भाव निघाला?" एका आजोबांनी तर मित्राला हाताला धरून बाजूला नेलं आणि रस्त्यालगतची आपली दीड एकर कशी बिनवादाची आहे, सातबारा कसा कोरा आहे, ते समजावून सांगितलं. मित्र म्हणाला, "आजोबा, आम्ही पाखरं बघायला आलोय." आजोबा हसले आणि त्यांनी किंमत थोडी कमी केली.

दुसऱ्या एका ठिकाणी तारेच्या कुंपणापाशी सिक्युरिटीवाल्यानं हटकलं. "फोटो काढायचा नाही साहेब, कंपनीची जागा आहे."

"कंपनी कुठंय?"

"येणारे."

आत कुसळी गवत, दोन बोरी, एक हिवराचं झाड आणि पत्र्याची त्याची स्वतःची खोली. येणाऱ्या कंपनीची राखण तो कितीतरी महिने करत होता. आम्ही कशासाठी आलोय ते कळल्यावर त्याला आमची दया आली. "पाखरंच बघायची तर मोशीला जा ना, कचरा डेपोवर. घारी किती हव्यात तितक्या."

त्याचं म्हणणं अगदीच सोडून द्यावं असं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये सहज दिसणारे पक्षी बहुतेक घाणीनं पोसलेले आहेत. डेपोवरच्या घारी आहेत, नाल्याच्या काळ्या पाण्यात गुलाबी पाय बुडवून उभे राहणारे शेकाटे आहेत, पवनेवर पसरलेल्या जलपर्णीवरून चालत जाणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या आहेत. हळदी-कुंकू बदकंही तिथंच. निगडी-प्राधिकरणातल्या जुन्या झाडांवर राखी धनेश येतो आणि सोसायटीतले लोक कौतुकानं त्याचे व्हिडिओ काढतात. एवढंच बघायचं असेल तर गॅलरीत चहा घेऊन बसलं तरी पुरतं. चिखली-मोशीकडच्या एखाद्या ओढ्याकाठी पाणकणसांत पाणलावा दिसला तर तो भाग्याचा दिवस. त्यांच्यात मादी रंगानं उठावदार, आणि अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम फिक्या रंगाच्या नराकडं. पण त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी. आम्ही ज्याच्या मागं होतो त्याला पाणी लागत नाही, झाड लागत नाही, आडोसाही लागत नाही.

धाविक. होल्याएवढा पक्षी, लांब पांढुरक्या पायांचा. पाठ मातीची, छाती विटकरी, डोक्यावर तांबडी टोपी, डोळ्यावरून मागं गेलेली पांढरी पट्टी आणि तिच्याखाली काळी. चित्रात पाहिला तर वाटतं, इतका रंगीत पक्षी उघड्या माळावर लपेल कसा? लपतो. पाठमोरा झाला की ढेकूळ. तो उडायचा आळस करतो आणि पळण्यावर भर देतो. दहा-पंधरा पावलं झपाट्यानं, मग एकदम थांबून ताठ उभा, मग पुढं वाकून एक किडा उचलणार, पुन्हा पळणार. आपण दुर्बीण लावून डोळा स्थिर करेपर्यंत तो तिथं नसतो. उन्हाळ्यात नऊनंतर माळावर झळा सुरू झाल्या की सगळंच हलायला लागतं आणि त्यात हा खराच हलणारा. अंडी घालतो तीही उघड्या जमिनीवर, दोन-तीन, काळ्या शिंतोड्यांची. घरटं म्हणावं असं काही नाही, त्यामुळे तिथं पाय टाकताना जपावं लागतं. दोन अंडी पायाखाली गेली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही.

बरेच उन्हाळे आम्ही त्याच्याशिवाय परत आलो. माळटिटवी दिसायची. तिच्या पिवळ्या गाठी पाहून सुरुवातीला उगाच आनंद व्हायचा, मग तोही ओसरला. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं शेतकरी अजून सांगतात. आमच्या कंपनीतल्या लाल गाठीच्या टिटवीनं ट्रान्सफॉर्मरच्या आवारातल्या खडीत अंडी घातली होती. त्यावरून पावसाचा काय अंदाज बांधायचा, हे कुणालाच सांगता येईना.

शेवटी वाट दाखवली ती आमच्या लाईनवरच्या एका काकांनी. काका खेड तालुक्यातलेच, जमीन संपादनात गेलेली. दुर्बीण त्यांनी कधी डोळ्याला लावलेली नाही. मी मोबाईलवर धाविकाचं चित्र दाखवलं, तर म्हणाले, "हे मेंढरांमागं पळणारं पाखरू. मेंढरं कुठं बसतात ते बघ, पाखरू काय बघतोस?"

हे ऐकल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. धाविकाला गवत लागतं, पण वाढलेलं नाही, चरून आखूड झालेलं. उंच गवतात त्याला पळता येत नाही आणि पळता आलं नाही तर त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नाही. उन्हाळ्यात धनगरांचे वाडे या माळांवरून फिरतात, शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात. त्या खुरांनी आणि दातांनी धाविकाची जागा तयार होते. म्हणजे वसाहतीतल्या रिकाम्या भूखंडांचे दोन प्रकार. कुंपण नसलेले, आणि असलेले. कुंपण पडलं की मेंढरं थांबतात, गवत गुडघ्यापर्यंत येतं, धाविक निघून जातो. पण त्याच कुंपणाआड मग लावा येतात, दुर्लाव येतो, तितरांचा आवाज येऊ लागतो. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये त्या गवतावरून खालून खालून तरंगत जातात, नाकतोडे उचलतात आणि संध्याकाळी त्याच गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. कझाकस्तानच्या गवतातून निघालेल्या पक्ष्यानं हजारो किलोमीटर येऊन 'येणाऱ्या' कंपनीच्या प्लॉटवर मुक्काम करायचा, ही मला या वसाहतीतली सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक वाटते.

धाविक दिसला तो मेच्या सुरुवातीला, वासुलीच्या पुढं, भामचंद्राचा डोंगर डाव्या हाताला ठेवून. वाडा आदल्याच रात्री उठलेला असावा, लेंड्या ताज्या होत्या. मुरूम काढून नेलेली एक सपाट जागा, कडेला घायपात आणि तरवड. मित्रानं खांद्याला बोट लावलं. मला आधी एकच दिसला. पळाला, थांबला, ताठ झाला. मग त्याच्या मागं काही पावलांवर दुसरा. दोघंही आमच्याकडं न बघता आपलं काम करत होते, एक उधईच्या वाटेवर, दुसरा शेणाच्या पोवट्याभोवती. चार-सहा मिनिटांत उजेड तापला आणि ते मुरमात विरून गेले. मित्र म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि दुसऱ्या क्षणी वहीत तारीख, वेळ, दिशा, वारा सगळं लिहायला बसला.

ही लिहायची सवय या मुलखाला जुनी आहे. 1824 साली मुंबई सरकारनं विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. गावं किती, माणसं किती, पिकं कोणती, पाऊस किती, हवा कशी, हे मोजणं त्याचं काम. ते करता करता त्यानं पक्षी आणि प्राणीही नोंदले आणि 1832 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. शास्त्राला तोवर नाव नसलेले पन्नासहून अधिक पक्षी त्या यादीत होते. आपल्या बागेत शेपटी उडवत फिरणारा राखी वटवट्या, डबक्याकाठची ढोकरी, माळावरची लाव्हरी, यांना शास्त्रीय नावं मिळाली ती त्याच्याकडून. तुरेवाला एक तांबूस चंडोल तर त्याच्याच नावानं ओळखला जातो, भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो आढळत नाही, आणि चाकणच्या प्लॉटवर कुंपणाच्या सिमेंटच्या खांबावर बसून आजही गातो. लोक आम्हाला मोजणीवाले समजतात तेव्हा मला साईक्स आठवतो. तो खराच मोजणीवाला होता, महसुलासाठी आलेला, आणि हातासरशी पाखरं मोजून गेला.

त्याच्याच काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाचा साहेब माळढोक मारत होता. 1809 ते 1829 या वीस वर्षांत त्यानं 961 माळढोक टिपले. एका बंदुकीचा हा हिशोब वाचला की माळ किती भरलेले असतील याचा थोडा अंदाज येतो. माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ नाहीच. पण त्याला एकट्या बंदुकीनं संपवलं नाही. माळ नांगरले गेले, कालवे आले, ऊस आला. जमीन कामाला लागली, असं आपण त्याला म्हणतो. सातबाऱ्यावर जे पोटखराब म्हणून पडून होतं, ते एकेक करून खात्यात जमा झालं. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशावहीत झुडपी माळ आणि चराऊ रानं अजून मोजली जातात, ती पडीक म्हणूनच.

मी हे लिहितो म्हणजे कारखान्यांच्या विरोधात लिहितो असं कुणी समजू नये. माझं पोट त्यावर आहे. चाकणला 1999 मध्ये बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, आणि त्यांच्यामागं सुट्या भागांची शेकडो शेडं. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या माझ्यासारख्यांची घरं त्यातून उभी राहिली. काकांची जमीन गेली आणि मुलगा डिप्लोमा झाला, या दोन्ही गोष्टी ते एकाच दमात सांगतात, एकीनं दुसरी फिटली असं मात्र म्हणत नाहीत. माझं म्हणणं छोटं आहे. इथले दुर्मीळ पक्षी जंगलात नाहीत, अभयारण्यात नाहीत. जमीन ताब्यात घेतल्यापासून पत्रे चढेपर्यंत जी मधली वर्षं जातात त्या वर्षांत ते राहतात. त्यांना शोधायचं तर पक्ष्यांच्या पुस्तकाइतकाच भूखंडांचा नकाशा वाचावा लागतो. कुठल्या प्लॉटवर फलक लागला, कुठं खडी पडली, कुठला प्लॉट कोर्टात अडकला. कोर्टात अडकलेला प्लॉट म्हणजे भोवत्यांना चार हिवाळे निश्चित.

वहीतल्या नोंदी आम्ही आता ई-बर्डवरही टाकतो. त्या नकाशावर जिथं पक्षी दिसला तिथं खूण उमटते आणि ती पुसली जात नाही. वासुलीच्या पुढची आमची धाविकाची खूण आज एका शेडच्या छपराखाली आहे. मोबाईल उघडून कुणी नवखा तिथं गेला तर त्याला गेटवर आधारकार्ड मागतील.

पट्ट्यात एकच मोठी मोकळी जागा कायमची म्हणावी अशी आहे, आणि ती राखली आहे दारूगोळ्यानं. देहूरोडच्या लष्करी कोठाराभोवती दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी आहे. लोक त्याला रेड झोन म्हणतात. बंदी मोडून तिथं हजारो घरं उभी राहिली आणि त्या घरातल्या माणसांची झोप वर्षानुवर्षं उडालेली आहे, ही त्याची दुसरी बाजू. पण जिथं खरंच काही उभं राहिलं नाही, तिथं कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून बघितलं तरी सापमार गरुड दिसतो, एका जागी पंख थरथरवत हवेत उभा राहणारा. लष्कराच्या हद्दीत दुर्बीण घेऊन जायचा प्रश्नच नाही आणि तसं कुणी करूही नये. रस्त्यावरून जेवढं दिसेल तेवढं आपलं.

रातव्यासाठी तर सुट्टीचीही गरज नाही. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस आतल्या रस्त्यांनी निघते. दिवसभर तापलेल्या डांबरावर रातवे येऊन बसलेले असतात. हेडलाईट पडला की डांबरावर लाल निखारे पेटतात आणि बस अगदी अंगावर आली की ते उठून बाजूला होतात. सगळे उठत नाहीत. ड्रायव्हर पहिले काही महिने म्हणायचा, "साप असंल, नायतर उंदीर." आता तो स्वतःच वेग कमी करतो आणि मागं वळून ओरडतो, "तुमचं पाखरू!" खिडकीपाशी बसलेल्यांपैकी दोघं-तिघं मान वळवतात, बाकीचे झोपलेले असतात. दिवसा तोच पक्षी वाळक्या पाचोळ्यात बसलेला असतो आणि पावलाच्या अंतरावर जाऊनही दिसत नाही. आम्हाला दिवसा तो अजून सापडलेला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. त्यातला बराच खर्च आमच्या भागात झाडं लावण्यावर होतो. जुलैत बसगाड्या निघतात, सगळ्यांना टोप्या आणि टी-शर्ट मिळतात, जवळच्या उघड्या टेकडीवर खड्डे तयार असतात. फलकावर तुकोबांचा तोच अभंग. त्या अभंगात झाडांपाठोपाठ पक्षीही येतात, पण फलकावर पहिलंच चरण मावतं. ज्या भामचंद्रावर आणि भंडाऱ्यावर तुकोबा जाऊन बसत, त्यांच्या भोवतीचा मुलूख बहुतांशी गवताचा. कमी पावसाच्या, मुरमाड जमिनीच्या अशा माळांवर गवत हेच मूळचं रान असतं. त्यात ओळीनं ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावली, की जगलेल्या झाडांच्या सावलीत कुसळी मरते, मारवेल मरतो, आणि कारखान्याच्या शेडपासून वाचलेला धाविक रोपवाटिकेच्या हातून जातो. शेडचं निदान समजण्यासारखं आहे, तिथं कुणाला तरी पगार मिळतो. चांगल्या हेतूनं केलेली ही माळाची नासाडी मला जास्त खटकते. आणि गंमत अशी, की तोच माळ, तेच चंडोल, तोच धाविक बघायला पुण्या-मुंबईचे लोक आता इंदापूरजवळ कडबनवाडीला जातात. तिथं वनखात्यानं गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे, आणि ते फार चांगलं केलं आहे. फक्त त्यासाठी एवढं लांब जावं लागू नये.

5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा 2020 पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या सुमाराला भोवत्ये आलेले असतात, गवत पिवळं पडलेलं असतं, हवा चांगली असते. तुम्ही पिंपरी, भोसरी किंवा चाकणला काम करत असाल तर त्यातल्या गुरुवारी सकाळी घराजवळच्या एखाद्या उघड्या माळावर जाऊन या. दुर्बीण नसली तरी चालेल, कुसळं काढायला वेळ मात्र ठेवा. आणि पुढच्या पावसाळ्यात कंपनीची बस वृक्षारोपणाला निघाली, तर खड्डे कुठं खणलेत ते आधी विचारा. जागा गवताची असेल तर रोपं परत आणा आणि ती गावठाणात, ओढ्याकाठी, शाळेच्या आवारात, आपल्या सोसायटीच्या पार्किंगभोवती लावा. तिथं सावली हवीच आहे.